फाटकावरची हाक

१

इंटरकॉम बसवून झाला की शेवटचं काम मी स्वतः करतो. खाली फाटकाशी उभा राहून एकेका घराचं बटण दाबतो आणि वरून कुणी बोललं की विचारतो, "चेहरा दिसून राहिला का?" वरून "हाव" आलं की अवजारं पिशवीत. लाखनीपासून भंडाऱ्यापर्यंत अशी बरीच फाटकं मी केली आहेत. कॅमेरे, इंटरकॉम, वायफाय, हाच माझा धंदा.

आमच्या स्वतःच्या बिल्डिंगचं काम मात्र राहूनच गेलं होतं. नवनीत अपार्टमेंट हायवेपासून एक गल्ली आत आहे. तीन मजले. राहणारे बहुतेक नोकरीवाले, नाहीतर गावाकडे धानाची शेती ठेवून मुलांच्या शाळेसाठी इथं आलेले. गेल्या उन्हाळ्यात खालून एक मोटारसायकल चोरीला गेली, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष धनीराम काकाजी मला म्हणाले, "अनुप, गावभर लावून राहिला, आपल्या घरी कधी लावशील?"

मला ते हवंच होतं. आदल्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारून गेला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तेजराम गजभिये, जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तर आणि शेवटी हेडमास्तर. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडच्या एका शाळेवर होते. खटपट करून इकडे बदली घेतली आणि लाखनीचेच झाले. बाजारात गेले तर टक्कल पडलेले लोक वाकून "नमस्कार सर" म्हणायचे. ज्यांचा आवाज शाळेच्या मैदानापलीकडे जायचा, ते आता पलंगावर पडून पंख्याकडे पाहत. माझी बायको रश्मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मी दिवसभर कामावर. घरी बाबा आणि आई दोघंच. कुणी आलं तर आईला सगळे जिने उतरून फाटक उघडावं लागे.

तर मी काम उरकलं. फाटकाच्या खांबावर स्टीलचं पॅनल, त्यात कॅमेरा आणि प्रत्येक घराचं एक बटण. जिन्याखालच्या पेटीतून प्रत्येक घरात एक वायर, आणि घराघरात भिंतीवर छोटा पडदा. बटण दाबलं की पडद्यावर चेहरा दिसतो, बोलता येतं, आणि वरूनच फाटकाचं कुलूप सोडता येतं. फाटक पत्र्याचं, माणसापेक्षा उंच; खालून तेवढी वीतभर फट.

सगळ्या घरांतून "हाव" आलं. काम संपलं.

काही दिवसांनी कामावरून परतताना माझं लक्ष पॅनलकडे गेलं. बाकी सगळी बटणं नवी कोरी. आमच्या तीनशे दोनच्या बटणावर मात्र मधोमध एक गोल खळगा पडला होता आणि त्यात पिवळसर माती रुतलेली. बोटानं बटण असं होत नाही. कशानं तरी ढोसल्यासारखं ते दिसत होतं. मी रुमालानं पुसलं आणि वर गेलो.

२

आई सुपात तांदूळ पाखडत होती.

"आई, आपलं बटण कोण ठोकून राहिलं?"

"दुपारी वाजते," ती म्हणाली.

"कोण असते?"

"कोणी नसते. रस्ता दिसते नुसता."

"मग?"

"बोलते."

"काय बोलते?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तूच आयक एक दिवस."

माझी आई, विमलाबाई, उत्तरं टाळणारी बाई नाही. बाबांच्या नोकरीचा जम बसेपर्यंत तिनं बिड्या वळल्या, दुसऱ्याच्या बांधीत धानाचं रोवणं केलं, आणि माल खोटा म्हणून बाजूला काढणाऱ्या कारखानदाराशी भर ओसरीत भांडली. ती सांगत नाही म्हणजे तिला ते तोंडानं म्हणायचं नव्हतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात धंदा होता.

आमच्या धंद्यात याला 'घोस्ट कॉल' म्हणतात आणि त्यात भुताचा काही संबंध नसतो. यंत्र इंटरनेटला उघडं राहिलं की जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून कुणाचा तरी संगणक उगाच दार वाजवून पाहतो, कुठं उघडं सापडतं का म्हणून. घंटी वाजते, पलीकडे कुणी नसतं. मी त्या संध्याकाळी आमची यंत्रणा इंटरनेटपासून तोडली, पासवर्ड बदलले. बटणावरच्या खळग्याचा आणि घोस्ट कॉलचा मेळ बसत नव्हता, पण तो गल्लीतल्या पोरांवर ढकलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी थांबलो. चैत्र संपत आला होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घरोघर कूलर घरघरत होते. बाबा जेवून पडले होते आणि आई त्यांच्या पायाला तेल लावत होती.

घंटी वाजली.

पडद्यावर गल्ली. पांढरं ऊन. समोरच्या कडुनिंबाची सावली. माणूस नाही.

"हॅलो, कोण?" मी म्हटलं.

आमच्या पॅनलमधून नेहमी हायवे ऐकू येतो. ट्रकचे हॉर्न, ब्रेकचा चित्कार. त्या वेळी काहीच येत नव्हतं. माळावर दुपारी असते तशी शांतता. मग त्या शांततेतून एक पुरुषाचा आवाज आला.

"तेज्या, चाल."

आवाज म्हातारा नव्हता, चढलेलाही नव्हता. गोठ्यातल्या वासराला बोलवावं तितका सहज. ज्याला उत्तराची वाट कधी पाहावीच लागली नाही, अशा माणसाचा.

मी गॅलरीत धावलो. फाटकाबाहेर कुणी नाही. गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत कुणी नाही. लांबून एक ट्रक गेला, त्याचा आवाज नीट ऐकू आला.

परत आलो तेव्हा आई बाबांच्या छातीवर आडवा हात टाकून बसली होती. बाबांचा डावा, चांगला पाय पलंगाखाली लोंबत होता. खांदे आत ओढले गेले होते आणि मान खाली गेली होती. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. आजारपणातही नाही.

"रोज असंच करतात," आई म्हणाली. "उठाले पाहतात."

लाखनीत बाबांना तेज्या म्हणणारं कुणी नाही. ज्या गावात म्हणत असतील, तिथले ते लोक कधीच मरून गेले.

३

बटण दाबलं की पॅनलचा कॅमेरा थोडं चित्रण आपोआप साठवतो. त्या संध्याकाळी मी ते काढून पाहिलं.

रिकामी गल्ली. मग डावीकडच्या कडेनं एक काठी चित्रात आली. तुळतुळीत बांबू, टोकाला पितळेची शेंबी. ती घाई न करता पुढं सरकली, आमच्या बटणावर टेकली, दाबली आणि मागं गेली. हात नाही, बाही नाही, जमिनीवर सावली नाही. काठी फक्त.

मी एक बांबू घेऊन खाली गेलो आणि तसाच धरून पाहिला. त्या कोनातून बटणापर्यंत काठी पोचवायची तर धरणाऱ्यानं शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीत उभं राहायला हवं. भिंतीच्या आड नव्हे, भिंतीत. लेन्स वाकडं दाखवते, असं मी स्वतःला सांगितलं. लेन्स वाकडं दाखवतेच, हे खोटं नाही. तरी मी बांबू तिथं ठेवला नाही, गल्लीच्या टोकाला टाकून आलो.

आईला चित्रण दाखवलं. तिनं ते एकदाच पाहिलं.

"काठीनं काहून दाबते?" मी विचारलं.

"ज्याले हात लावायचा नाही, थो काठीनंच बोलावते."

बाबांचं गाव कोंढ्याच्या पलीकडे. तिथं त्यांच्या वडलांना, डोमा आजोबांना, अशी हाक यायची. दारापर्यंत कुणी येत नसे. लांबून काठी आपटायची, अर्धं नाव घ्यायचं आणि आजोबांनी निघायचं. काम कोणतं, कुठं, परत कधी, हे विचारायचं नाही. बाबा लहान असताना त्यांनाही हाक येऊ लागली होती. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि जाणं बंद केलं. एवढं मला आईकडून माहीत होतं. बाबांनी पोरांना हजार गोष्टी सांगितल्या असतील, ही कधी सांगितली नाही.

"पण आता कोण असणार आहे तिथं?" मी म्हटलं. "कोणी तरी मस्करी करून राहिलं, आई."

"कर मग बंद," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धनीराम काकाजी वर आले. धिप्पाड माणूस. अड्याळकडे त्यांची पिढ्यानपिढ्यांची शेती. बाबांशी त्यांचा जुना घरोबा. लकव्यानंतर पहिले काही दिवस दवाखान्यात रात्री तेच झोपले होते. त्या दिवशी मात्र ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि पाणी हातात धरून राहिले.

"आमच्या घरी पण वाजून राहिलं," ते म्हणाले.

"काय म्हणते?"

"मले जी लावून बोलते." त्यांनी दुपट्ट्यानं मान पुसली. "म्हणते, पाटील, तेज्याले पाठवून द्या जी."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मग तुम्ही काय म्हटलं?" मी विचारलं.

ते आईकडे वळले. मग म्हणाले, "वहिनी, माझ्या मनात नव्हतं. सरांबद्दल माझ्या मनात असं येईल का? तोंडातून निघून गेलं. 'पाठवतो' म्हटलं मी. दोनदा म्हटलं."

मला त्यांचा राग आला नाही. कारण तो आवाज मी ऐकला होता आणि तो कसा सांगतो ते मला ठाऊक होतं.

"बाकीच्यांकडेही वाजते," काकाजी पुढं म्हणाले. "लेकरं भ्याली आहेत. माझी बायको सुलोचना तर दुपारी घरात थांबतच नाही. लोकांचं म्हणणं आहे..." ते अडखळले. "म्हणतात, सरांना एकदा खुर्चीवर बसवून खाली आणा. फाटकाशी थोडा वेळ. जे काय असंन थे पाहून घेईल अन् जाईल."

"आणि उद्या?" आई म्हणाली.

"उद्या काय, वहिनी?"

"एकदा गेलं की रोज जावं लागते, भाऊ."

काकाजींनी मान हलवली. त्यांनी पाणी तसंच ठेवलं आणि निघून गेले.

४

मी पॅनलच उतरवलं. खांबावर चार भोकं आणि वायरचा गुच्छ उरला. पॅनल दुकानात नेऊन कपाटात ठेवलं. जिन्याखालच्या पेटीतून आमच्या घराची वायर उपटली. त्याच वायरनं पडद्याला वीज मिळते. ती काढली की पडदा म्हणजे भिंतीवर लटकलेला डबा. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साकोलीला एका दवाखान्यात कॅमेरे लावत होतो. आईचा फोन आला.

"घरी ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दार उघडंच होतं. बाबा दाराच्या आत जमिनीवर बसले होते. पलंगापासून तिथवर ते एका हातावर आणि एका पायावर स्वतःला ओढत आले होते. कोपर सोलवटलं होतं. आई गच्चीवर पापड घालायला गेली होती, तेवढ्यात.

त्यांनी दाराशी ठेवलेल्या आपल्या चपला उचलल्या होत्या. दोन्ही चपला डाव्या हातानं छातीशी धरल्या होत्या. घालायला घेतल्या नव्हत्या, धरल्या होत्या. जुन्या काळी मालकाच्या दारावरून जाताना धरायच्या तशा. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो माणूस आत पूर्ण जागा होता. आपलं शरीर काय करून राहिलं हे त्याला दिसत होतं, आणि ते थांबवता येत नव्हतं.

मी चपला घ्यायला गेलो. बोटं सुटेनात.

तेव्हा माझ्या मागं, वायर नसलेल्या, काळ्या पडलेल्या पडद्यातून आवाज आला.

"तेज्या, चाल ना."

तो खोलीतच होता. फाटकावरून यायचा तेव्हा थोडा खरखरायचा, लांबचा वाटायचा. आता तो आमच्या दिवाणाच्या आणि टीव्हीच्या मधल्या जागेतून येत होता. मी पडदा भिंतीवरून खेचला आणि फरशीवर आपटला. काच फुटली. मी काय केलं आणि त्याचा काही उपयोग होता का, हे मला समजत नव्हतं.

आई बाबांच्या पुढ्यात बसली. तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. चपला जमिनीवर ठेवल्या आणि त्यांच्या पायात घातल्या, आधी चांगल्या पायात, मग लुळ्या पायात. मग पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"अनुप," ती म्हणाली, "थो डबा परत लाव."

"काय?"

"फाटकावरचा. तू काढला म्हणून थो घरात आला. लाव परत. त्याले तिथं उभं राहू दे, बटण दाबू दे. आपल्या फाटकावर जो येते त्याले कोण आहे ते विचारता येते. त्याच्यासाठीच लावला ना तू?"

ती घाबरलेली नव्हती असं नाही. पण ती तेव्हा भांडायला उभी राहिलेली बाई होती, आणि अशा वेळी तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

रश्मी रात्री ड्यूटीवरून आली. तिनं बाबांचं कोपर धुतलं, पट्टी बांधली आणि सगळं ऐकून घेतलं. "हा आवाज मी ऐकला नाही," ती म्हणाली, "पण बाबांचं कोपर मी पाहिलं. आई म्हणतात तसं करा."

सकाळी मी पॅनल बसवलं, वायर जोडली, दुकानातून नवा पडदा आणला. मग सवयीनं खाली जाऊन आमचं बटण दाबलं.

"चेहरा दिसून राहिला का?"

"हाव," आई म्हणाली. "आता वर ये."

५

दुपारी आईनं बाबांना पांढरा सदरा घातला, केस विंचरले आणि पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. पायात पट्ट्याच्या चपला घालून बक्कल लावलं. धनीराम काकाजी न बोलावता वर आले.

"मी इथं थांबतो," ते म्हणाले. "माझ्या घरी वाजलं तर माझ्या तोंडाचा भरवसा नाही."

ते बाबांच्या मागं उभे राहिले आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. आम्ही वाट पाहत बसलो. कूलर बंद केला होता. हायवेचा आवाज येत होता, आणि मग तो येईनासा झाला.

घंटी वाजली. पडद्यावर काठीचं टोक मागं जाताना दिसलं.

"तेज्या, चाल."

बाबांची मान खाली गेली. खुर्ची करकरली. मी काकाजींकडे पाहिलं तर त्यांचा जबडा आपोआप हलू लागला होता. त्यांनी दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांत आवळलं.

आई पडद्यापुढं गेली.

"कोण पाहिजे?"

"तेज्या."

"तेज्या इथं राहत नाही. इथं तेजराम डोमाजी गजभिये राहतात. तुम्ही कोण?"

पलीकडे शांतता. मला वाटलं, त्याला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नसावा.

"नाव सांगा," आई म्हणाली. "नाव सांगितल्याबिगर आम्ही कोणाले उघडत नाही. पाव्हणा असो की पोस्टमन असो."

मग तो बोलला, आणि त्याचा आवाज जरासुद्धा बदललेला नव्हता.

"अनप्या, चाल."

पुढचं मला सलग आठवत नाही. मी उठलो असेन. जिना आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्या तळव्यांना अंगणातली फरशी भाजली आणि त्या चटक्यानं मी भानावर आलो. मी फाटकाच्या आतल्या बाजूला उभा होतो. पाय अनवाणी. माझ्या दोन्ही चपला डाव्या हातात, छातीशी. उजवा हात कुलूप सोडायच्या आतल्या बटणावर टेकलेला.

मला हात काढायचा होता. तो निघत नव्हता. एवढ्याशा स्प्रिंगचं बटण मीच बसवलेलं, आणि माझं बोट मला न विचारता ते हळूहळू दाबत होतं. मान वर होत नव्हती. म्हणून मी खाली पाहत होतो, आणि म्हणून मला फाटकाखालच्या फटीतून पलीकडचं दिसलं.

जोडे होते. जाड चामड्याचे, टोक वर वळलेले, धुळीनं माखलेले. त्यांच्या शेजारी काठीची शेंबी टेकलेली. त्या जोड्यांभोवती जमिनीवर छत्रीची मोठी गोल सावली. आणि मागं, सावलीच्या बाहेर, उन्हात, दोन अनवाणी पाय. छत्री धरून उभ्या असलेल्याचे. डांबर पोळत होतं. तो एक पाय उचलायचा, टेकायचा, मग दुसरा उचलायचा. अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलेला होता. आमच्या घरात सगळ्या पुरुषांचा अंगठा तसा आहे. माझाही.

मी त्या पायांकडे पाहत होतो आणि ते एकदम थांबले. दोन्ही टाचा डांबरावर घट्ट टेकल्या. मग उजव्या पायानं जमिनीवर हळूच आडवी रेघ ओढली. इकडून तिकडं. पुन्हा इकडून तिकडं. नको, म्हणून मान हलवावी तशी.

माझ्या बोटाखालची स्प्रिंग जवळजवळ तळाला गेली होती.

तेवढ्यात खांबावरच्या पॅनलमधून, फाटकाच्या बाहेरच्या बाजूला, आवाज आला. तो आईचा नव्हता. जड, ओला, अर्ध्या तोंडातून ओढून काढलेला.

"ना...व."

जोडे हलले नाहीत.

"ना...व सांग." प्रत्येक अक्षराला वेळ लागत होता. मी तो आवाज महिनोन्‌महिने ऐकला नव्हता. "पू...र्ण नाव. सांग."

नवा पोरगा पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात घुटमळला की बाबा विचारायचे, तसं. रागानं नाही. पण सांगितल्याशिवाय आत घेत नाहीत आणि सांगितल्याशिवाय जाऊही देत नाहीत, तसं.

काठीची शेंबी जमिनीवरून उचलली गेली आणि पुन्हा टेकली, थोडी मागं. जोडे एक पाऊल मागं सरले. छत्रीची सावली त्यांच्याबरोबर गेली नाही. ती तिथंच राहिली, मग डुगडुगली, मग उडाल्यासारखी नाहीशी झाली. जोड्यांवर ऊन पडलं, तसे ते गल्लीच्या आतल्या बाजूला वळले. माझं बोट सुटलं.

अनवाणी पाय वळले. ते जोड्यांच्या मागं गेले नाहीत. उलट्या बाजूला, हायवेच्या दिशेनं निघाले. आधी चालत, मग भरभर.

मी फाटक उघडलं नाही. तिथंच बसून राहिलो, आणि बऱ्याच वेळानं ट्रकचा हॉर्न ऐकू आला.

६

वर गेलो तेव्हा बाबा घामानं भिजले होते आणि आई त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती. काकाजी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. त्यांच्या दुपट्ट्यावर दातांचे व्रण होते.

"सरांनी पडद्याले हात लावला," ते मला म्हणाले. "मी धरलं नव्हतं. स्वतः उठून लावला."

मला जे दिसलं ते मी फक्त आईला सांगितलं. पायांचं ऐकल्यावर तिनं हातातलं काम खाली ठेवलं. "कोणत्या बाजूनं गेले?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं दोन्ही हात जोडले आणि कामाला लागली.

रश्मी म्हणते, लकव्यात गेलेली वाचा कधी कधी अशी ताणाखाली परत येते, डॉक्टरांनाही ठाऊक आहे. असेल. माझ्याजवळ आवाजाचं स्पष्टीकरण नाही, काठीचंही नाही. त्या दिवसाचं चित्रण पॅनलमध्ये साठलं नाही. पॅनल चांगलं आहे, मी तपासलं.

धनीराम काकाजींच्या घरी नंतर एकदाच घंटी वाजली. "पाटील" म्हणायच्या आत ते म्हणाले, "इथं सर राहतात, जी. तुमचं नाव काय?" हे सांगताना त्यांचा चेहरा घामेजला होता, पण त्यांनी ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. आता कुणी खुर्ची खाली न्यायची गोष्ट काढत नाही.

आमच्या घरी मात्र अजून वाजतं. रोज नाही. मी एकदा बाबांना म्हटलं, इंटरकॉम काढून टाकू, दुसरी बिल्डिंग पाहू. त्यांनी डावा हात उचलून मला गप्प केलं. दुपारचं जेवण झालं की ते सदरा मागतात, पायात चपला घालून घेतात आणि खुर्चीत बसतात. घंटी वाजली की स्वतः बटण दाबतात. विचारायचं ते एकच विचारतात. पलीकडून उत्तर येत नाही. बाबा वाट पाहतात. चाळीस वर्षं त्यांनी पोरांच्या तोंडून नावं वदवून घेतली आहेत, त्यांना घाई नाही.

काल पहिल्यांदा पलीकडे काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं. फार हळू. दटावलेलं पोर बोलतं तसं.

बाबा पडद्याकडे वाकले.

"ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "मोठ्यानं."